रंगाआधीची भिंत

पवित्र शास्त्रातील लेवीय या ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतींविषयी एक सविस्तर प्रकरण आहे. वाचताना आपण ते बहुधा भराभर ओलांडून पुढे जातो. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग पडले आणि ते आत खोल गेलेले दिसले, तर घरधन्याने याजकाला वर्दी द्यावी, असा तेथे नियम आहे. याजक येण्यापूर्वी घर रिकामे करावयाचे. त्याने डाग पाहून घर सात दिवस बंद ठेवावयाचे. डाग पसरले असतील तर तेवढे दगड उपसून गावाबाहेर टाकावयाचे, भिंती आतून चहूबाजूंनी खरवडावयाच्या, खरवड गावाबाहेर नेऊन टाकावयाची आणि नवे दगड बसवून नवा गिलावा करावयाचा. एवढे करूनही डाग परत आले तर मात्र घरच पाडावयाचे.

या डागांना ग्रंथात माणसाच्या त्वचारोगाचेच नाव दिलेले आहे. आजच्या अभ्यासकांपैकी अनेकांना त्यात ओलीने वाढणारी बुरशी दिसते. तो विधी शुद्धाशुद्धतेचा होता, घर सुशोभित करण्याचा नव्हता. तरीही त्यातील कामांचा क्रम पाहिला तर आश्चर्य वाटते. खोली रिकामी करणे, भिंत तपासणे, काही दिवस वाट पाहणे, खरवडणे, खरवड दूर नेणे, गिलावा करणे आणि पुन्हा तपासणे. एखादा जाणता रंगारी आजही हाच क्रम सांगेल. विशेष म्हणजे या साऱ्या प्रकरणात रंगाचा उल्लेखही नाही.

घराला रंग काढणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर छटांचे पुस्तक येते. परंतु रंगाच्या इतिहासातील बहुतेक यश आणि बहुतेक दुःख रंगाखाली घडलेले आहे. आपल्या किनाऱ्यावरील एखाद्या जुन्या घराची भिंत आतून बाहेर, थराथराने वाचत गेलो तर ही गोष्ट स्पष्ट होते. ती एकदा वाचावी असे वाटण्याचे कारण केवळ कुतूहल नाही. त्या थरांतील एक थर आजही आपल्या मुलांना अपाय करू शकतो.

माती आणि पोतेरे

सर्वांत आतला थर मातीचा. ठाणे जिल्ह्यात आणि कोकणात सामान्य माणसाचे घर पूर्वी कुडाचे असे. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर चिखल आणि शेण यांचा लेप दिला की भिंत तयार होई. पावसाळ्यानंतर तिला भेगा पडत. त्या मातीने बुजवावयाच्या, वर पुन्हा सारवावयाचे आणि मग पांढऱ्या मातीच्या पाण्यात फडके बुडवून भिंत पोतारावयाची, हे काम घरातील स्त्रिया करीत. त्या कामाला मजुरी नव्हती, म्हणून कोणत्याही हिशेबाच्या वहीत त्याची नोंद सापडत नाही. भिंत आधी नीट करावी आणि मग उजळावी, हा धडा मात्र त्या हातांनीच पिढ्यान्‌पिढ्या जपला.

हा धडा किती जुना आहे हे पाहावयाचे तर अजिंठ्याला जावे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकापर्यंत रंगविल्या गेलेल्या त्या लेण्यांत चित्रकारांनी खडकावर थेट कुंचला टेकविलेला नाही. आधी खडबडीत कातळावर मातीचा लेप दिला. मातीत भाताचे तूस, वनस्पतींचे तंतू आणि बारीक खडी मिसळली, म्हणजे लेप तडकू नये. त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि मगच रेखाटन केले. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रातही चित्रासाठी भिंत कशी सिद्ध करावी याचे वेगळे विवेचन आहे. विटांची पूड, माती, चुना, बेलफळाचा चिकट गर अशा वस्तूंची तेथे नावे येतात. राजाश्रयाने घडलेले लेणे आणि गरिबाचा कूड यांत अंतर फार मोठे आहे. पण माती, तूस आणि धीर ही सामग्री दोन्हीकडे एकच आहे.

दगडाचा पुन्हा दगड

मातीवरचा पुढचा थर चुन्याचा. चुना आपल्याकडे फार प्राचीन काळापासून आहे. परंतु १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली, या दोन शतकांत या पट्ट्यात दगड-चुन्याची जी बांधकामे झाली, त्यांनी चुन्याला येथील डोळ्यांसमोर कायमचे उभे केले. वसई किल्ल्यातील छप्पर हरपलेल्या चर्चच्या भिंतींवर गिलाव्याचे तुकडे अजूनही चिकटून आहेत. त्यांवर तीनेकशे पावसाळे कोसळले आहेत.

चुन्याचे रहस्य साधे असले तरी मोठे मनोहर आहे. चुनखडीचा दगड किंवा समुद्रकाठी मिळणाऱ्या शिंपल्या भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसवर भाजल्या की त्यांतील कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. कळीवर पाणी घातले की ती फुटते, उकळते, वाफा सोडते. हा विरलेला चुना काही काळ पाण्यात मुरू दिला, फडक्यातून गाळून घेतला, त्यात डिंकाचे पाणी आणि किंचित नीळ घातली की सफेदी तयार झाली. नीळ चुन्याचा पिवळसरपणा झाकते. ही सफेदी भिंतीवर चढली की हवेतील कर्बवायू पुन्हा शोषून घेते आणि हळूहळू तिचा पुन्हा दगड होतो. म्हणजे चुना भिंतीवर नुसता वाळत नाही, तो भिंतीचाच एक भाग बनतो.

पण त्यासाठी भिंतीची तयारी लागते. सुटलेले पोपडे आधी काढले पाहिजेत, धूळ झाडली पाहिजे आणि भिंत पाण्याने भिजविली पाहिजे. कोरडी भिंत चुन्यातील पाणी क्षणात पिऊन टाकते आणि मग चुना भुकटी होऊन गळतो. हातही पातळ हवेत. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात देणारा गडी खरा जाणता समजला जाई. ही सफेदी सच्छिद्र असते. आपल्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि भिंती चार महिने ओल पितात. पाऊस सरला की चुन्याची भिंत ती ओल बाहेर सोडून देते. दसरा-दिवाळीपासून नाताळपर्यंतचा काळ हा रंगकामाचा हंगाम ठरला, त्यामागे सणांची ओढ होती तशीच वाळलेल्या भिंतीची सोयही होती.

त्याच चुन्यात पिवडी, काव किंवा नीळ अधिक प्रमाणात मिसळली की पिवळ्या, तांबड्या, निळ्या भिंती तयार होत. गोव्यातील जुन्या घरांचे रंग हे असेच चुन्यातील रंग होते. चर्च आणि कपेल तेवढी शुभ्र, घरे मात्र रंगीत, अशी तेथील जुनी रीत सांगितली जाते.

प्लेगच्या वर्षातील सफेदी

आपल्या समाजाच्या आठवणीत चुन्याचा एक थर दुःखाचा आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात रुग्ण तपासणारे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी त्या तापाचे निदान ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, असे केले. हे मूळचे गोव्यातील हडफड्याचे कॅथलिक डॉक्टर पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले. धोबीतलावजवळ त्यांचा पुतळा आहे. निदान झाले, पण रोग पसरतो कसा हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. घाण, कोंदट हवा आणि ओल्या भिंती यांवर संशय गेला. १८९७ च्या साथीच्या रोगांच्या कायद्याने सरकारला मोठे अधिकार मिळाले. पथके घरांत शिरू लागली, सामान बाहेर काढू लागली, जंतुनाशकांचे फवारे मारू लागली आणि भिंतींना चुना फासू लागली. छपरे उघडून अंधाऱ्या खोल्यांत ऊन आणले गेले. राहण्यास अयोग्य ठरविलेल्या घरांवर तशी अक्षरे रंगविली गेली.

घर रिकामे करणे, तपासणे, खरवडणे, चुना देणे! लेवीय ग्रंथातील जुनाच क्रम होता तो, पण या वेळी घरधन्याची संमती त्यात नव्हती. लोक भ्याले, संतापले आणि पुष्कळजण शहर सोडून गेले. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने उंदरांच्या पिसवांकडे बोट दाखविले. ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. चुना बुरशी मारतो, अनेक जंतू मारतो, किडे दूर ठेवतो, हे सर्व खरे. पण बिळातील उंदराला भिंतीवरच्या सफेदीचे काय होय! दुखणे एकीकडे आणि उजळणी दुसरीकडे, असा तो प्रकार होता. त्याच काळात वांद्रे, माझगाव, गिरगाव येथील गावठाणांतून लोकांनी साथ टळावी म्हणून क्रूस उभारले. त्यांतील कित्येक अजून उभे आहेत आणि त्यांपैकी काहींना दर वर्षी चुन्याचा वा रंगाचा हात मिळतो.

तेल, सफेदा आणि गट्टू

चुन्यावरचा थर तेलाचा. जवसाच्या तेलात शिशापासून केलेला सफेदा घोटला की झाकणारा, चमकणारा, धुता येणारा रंग तयार होतो. युरोपात तो शतकानुशतके वापरात होता. आपल्याकडे तो आधी सरकारी इमारती, रेल्वे, जहाजे आणि श्रीमंतांच्या दारे-खिडक्या यांवर आला. १९०२ साली हावड्याला शालिमार रंगांचा कारखाना निघाला. १९४२ साली, महायुद्धामुळे परदेशी रंग मिळेनासा झाला असताना, मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्सची सुरुवात केली. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी त्या कंपनीसाठी कपाळावर बट आलेला, हातात कुंचला आणि रंगाचा डबा घेतलेला खट्याळ पोर काढला. तोच गट्टू. पुढे कित्येक वर्षे हा गट्टू दुकानांच्या पाट्यांवरून मध्यमवर्गाला सांगत राहिला, की रंग ही केवळ बंगलेवाल्यांची मिरास नाही.

चुन्याची भिंत पाठ टेकताच सदऱ्याला लागे. डिस्टेंपरची त्या मानाने कमी लागे आणि ऑइल पेंटची तर ओल्या फडक्याने पुसता येई. गृहिणींना याचे केवढे अप्रूप वाटले असेल! मात्र या बदलाने भिंतीच्या तयारीचा सारा विचारच पालटला. चुना चुन्यावर चढे. घरातील प्रत्येक लग्न, प्रत्येक नाताळ आधीच्या थरावर आपला थर ठेवून जाई. तेलाचा रंग चुन्यावर बसत नाही. ताज्या चुन्याचा क्षार तेलाला लागला की दोहोंचा साबण होतो. रंग चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. म्हणून तेलाचा रंग लावावयाचा तर पिढ्यांची सफेदी पत्र्याने खरवडून काढावी लागे. मग खळगे लांबीने भरावयाचे, पॉलिश पेपरने घासावयाचे, अस्तराचा हात द्यावयाचा, पुन्हा घासावयाचे आणि मग रंग. घराघरांतून पोतेभर चुन्याची खरवड बाहेर पडली आणि तिच्याबरोबर भिंतीचा श्वासही गेला. १९१४ साली पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला, आणि पुढच्या दशकांत चुन्याच्या गिलाव्याची जागा सिमेंटने घेतली. जुन्या दगड-चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर तेलाचा किंवा प्लास्टिकचा रंग दिला की आतील ओलीला वाट उरत नाही. ती क्षार घेऊन वर येते, लोणा फुटतो, पोपडे निघतात. आपण रंगाला दोष देतो आणि त्याच भिंतीवर आणखी महाग रंग लावतो.

याहून गंभीर गोष्ट सफेद्याची. १९०४ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी लिहून ठेवले, की तेथील मुलांना होणारी शिशाची विषबाधा घरांच्या रंगविलेल्या कठड्यांतून आणि भिंतींतून येते. रंग उन्हाने भुकटी होतो, ती भुकटी हातांना लागते आणि हात तोंडात जातात. १९२१ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरांच्या आतील रंगकामात शिशाचा सफेदा वापरू नये असा करार संमत केला. शिशाशिवाय शुभ्रता मिळविण्याचा मार्गही तोवर सापडला होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिका येथे टिटॅनियमचा पांढरा रंग तयार होऊ लागला होता. आपल्या देशातही १९४६ साली त्रिवेंद्रमला त्यासाठी कारखाना स्थापन झाला. तरी पिवळ्या, तांबड्या, हिरव्या झगझगीत रंगांतून, लवकर सुकावे म्हणून घातलेल्या द्रव्यांतून आणि लोखंडावरच्या शेंदरी अस्तरातून शिसे घरांत येतच राहिले. अमेरिकेने १९७८ साली घरगुती रंगांतील शिशावर बंदी घातली. आपल्याकडे २०१६ साली नियम झाले, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये अशी मर्यादा लागू झाली. गिब्सन यांच्या लेखापासून या दिवसापर्यंत ११३ वर्षे गेली.

आजची खोली

नियमाने नवा डबा सुधारला, पण जुनी भिंत बदलली नाही. २०१७ च्या आधी ज्या खिडक्यांना, दारांना, गजांना आणि भिंतींना तेलाचा रंग दिला गेला, त्यांत शिसे असू शकते, असे धरून चालणेच शहाणपणाचे आहे. तो रंग जोवर घट्ट बसलेला आहे तोवर त्याचा त्रास थोडा. आपण खोली रंगवावयास घेतो आणि कोरडा पॉलिश पेपर चालवितो, तेव्हाच ते शिसे धूळ होऊन मोकळे होते. घर सुंदर करण्याचा तो आठवडा घरातील तान्ह्या मुलाच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत धोक्याचा आठवडा ठरू शकतो. शिशाचे सुरक्षित असे प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलाच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि झालेली हानी भरून येत नाही.

म्हणून जुन्या घरातील खोली रंगवावयाची असेल तर जुनाच क्रम नव्या काळजीने पाळावा. खोली पूर्ण रिकामी करावी. तसबिरी, आल्तारावरील मूर्ती, पडदे, अंथरुणे दुसऱ्या खोलीत हलवावीत आणि जे हलत नाही ते प्लास्टिकने झाकून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. मुलांना आणि गरोदर स्त्रियांना काम संपून खोली पुसली जाईपर्यंत त्या भागात येऊ देऊ नये. मग भिंत तपासावी. ओल कोठून येते ते शोधल्यावाचून रंगाचा विचार करू नये. कौल फुटले आहे का, नळ झिरपतो आहे का, बाहेरच्या भिंतीला माती लागली आहे का, हे पाहून ते आधी दुरुस्त करावे आणि भिंत पूर्ण वाळू द्यावी. सैल पापुद्रे पाणी शिंपडून, ओलेच खरवडावेत. जुना तेलाचा रंग आगीच्या झोताने जाळून काढण्याची एक रीत आहे, ती कटाक्षाने टाळावी, कारण त्या धुरातून शिसे थेट फुप्फुसात जाते. खरवड केराबरोबर अंगणात न टाकता पिशवीत बांधावी. फरशी झाडू नये, ओल्या फडक्याने दोनदा पुसावी. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. मग लांबी, अस्तर आणि रंग. घराची भिंत जुन्या दगड-चुन्याची असेल तर पुन्हा चुन्याचाच विचार करण्यास हरकत नाही. अशा भिंतीशी त्याचे जमते, मात्र विरणाऱ्या चुन्यापासून डोळे आणि हात जपले पाहिजेत.

या साऱ्यात एक माणूस आपण विसरतो. आपण मुलांना दुसऱ्या खोलीत नेतो, पण रंगारी त्याच धुळीत दिवसभर उभा असतो आणि संध्याकाळी तीच धूळ कपड्यांवर घेऊन आपल्या मुलांकडे जातो. कोंडलेल्या खोलीत नाकाला रुमाल बांधून खरवडणारी ही माणसे कोणत्या थरातून काय श्वासावाटे घेतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. धूळ अडविणारा चांगला मुखवटा, पाण्याची बादली आणि ओले खरवडण्यासाठी लागणारा जादा वेळ, यांचा खर्च रंगाच्या एखाद्या डब्याहून क्वचितच अधिक होतो. आपल्या धर्मग्रामांच्या शाळा, बालवाड्या आणि सभागृहे दर काही वर्षांनी रंगविली जातात, तीही बहुधा मुलांच्या सुट्टीत घाईघाईने. तेथे तरी ही काळजी आपण सामुदायिकपणे घेऊ शकतो.

रंगाचा अंदाज मागताना आपण बहुतेक एकच आकडा विचारतो. यापुढे दोन विचारावेत, भिंतीच्या तयारीचा वेगळा आणि रंगाचा वेगळा. पैसे कमी पडत असतील तर कपात दुसऱ्या आकड्यात करावी. नाताळात येणाऱ्या पाहुण्याला रंगाची छटा किंचित साधी दिसेल, इतकेच. खिडकीशी खेळणाऱ्या मुलाच्या हाताला मात्र धूळ लागणार नाही.